नवव्या माईकवरच्या बांगड्या

आमच्या भावकीत आणि आजूबाजूच्या गावांत एक विनोद चालतो. कुठे हळदीला धवलारीण गायला बसली की मागून कोणीतरी हळूच म्हणतं, "बाय, बांगड्या सांभाळ, मशीन बिघडंल." मग बायका तोंडाला पदर लावून हसतात. ज्यांना विनोदाचं मूळ ठाऊक नाही तेही हसतात. हा विनोद माझ्या मोठ्या वहिनीवर आहे. तो खोटा आहे आणि तो मी सुरू केला. माझी सत्तरी उलटून गेली, तेव्हा आता तो बंद करायचं कामही मीच केलेलं बरं.

आम्ही मूळचे भिवंडीजवळच्या पूर्ण्याचे. एके काळी आमच्या भाताच्या खाचरांत खाडीचं पाणी शिरू नये म्हणून बांध घालावे लागत. आता त्याच जागेवर गोदामं उभी आहेत आणि पाण्याऐवजी कंटेनर शिरतात. मी घरातला पहिला शिकलेला. भिवंडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत निवृत्त झालो. त्यामुळे घरात मिक्सर बंद पडला तरी मला बोलावतात. मिक्सर दुरुस्त झाला तर विज्ञानाचं नाव होतं, नाही झाला तर मिक्सर जुना होता असं ठरतं. या सोयीची सवय लागली की माणूस बिघडतो.

वहिनी आमच्या घरात आल्या तेव्हा मी शाळेत होतो. लिहायवाचायचं त्यांना बेताचंच, पण धवळे सगळे तोंडपाठ. आमच्या आगरी लग्नात मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक कामाचं एक गाणं असतं. त्यांना धवळे म्हणतात आणि ते गाणारी ती धवलारीण. भटजी येतो, घड्याळ बघतो आणि जातो. धवलारीण दोन दिवस हलत नाही. कुठल्या देवाला आधी बोलवायचं, घरातल्या गेलेल्या माणसांना कधी आवतण द्यायचं, तेल कोणी आधी लावायचं, हे सगळं गाण्यात असतं. तिने चुकीचं गाणं उचललं तर विधी चुकतो. वहिनी गात तेव्हा त्यांचा उजवा हात हवेत चाले. कधी तांदूळ उधळल्यासारखा, कधी कोणाला दारातून आत बोलावल्यासारखा. कोपरापासून मनगटापर्यंत हिरवा चुडा. बघणाऱ्याला वाटावं, गाणं हातातून निघतंय आणि तोंड नुसतं साथ देतंय.

वहिनींच्या मुलाला, म्हणजे माझ्या पुतण्याला, गाण्याचं वेड आईकडूनच आलं. फक्त त्याचं गाणं स्पीकरमधलं. हळदीची नाचायची गाणी करून देतो आणि बरी चालतात. कामतघरला एक बंद पडलेला लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, गाळा घेऊन त्याने स्टुडिओ केला. भिंतींत सुताच्या चिंध्या भरल्या, त्यावर कापड ताणलं, मध्ये काच लावली. शेजारी अजून लूम चालतात, म्हणून आमचं रेकॉर्डिंग शुक्रवारी. त्या दिवशी आजूबाजूच्या लूमना सुट्टी असते. बाकी दिवस पुतण्या पूर्ण्याच्या गोदामाचं बघतो आणि मी स्टुडिओत धूळ पुसतो, वायरी गुंडाळतो आणि कोणी विचारलं तर साउंड इंजिनिअर आहे असं मोघम हसतो.

काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या मनात आलं की आईचे धवळे नीट रेकॉर्ड करून ठेवावेत. मोबाइलवर घेतलेलं नको, प्रत्येक बाईचा आवाज वेगळा यायला हवा. मागे झील धरणाऱ्या सहा बायका, ढोलकीला दोन माईक आणि पुढे आई. त्याच्याकडे आठ माईक लागतील असा इंटरफेस होता. इंटरफेस म्हणजे माईकचा आवाज घेऊन कॉम्प्युटरला देणारा डबा. आठ जागा भरल्या आणि आईच उरली. म्हणून त्याने आणखी एक आठ माईकचा डबा आणला. हा डबा एका बारीक केबलने पहिल्याला जोडायचा. केबलच्या टोकातून लाल उजेड येतो आणि त्या उजेडातून आठ आवाज पलीकडे जातात. हे मी त्या आठवड्यात पूर्ण्याला इतक्या जणांना सांगितलं की माझी बायको म्हणाली, केबल तुमी बनवली का?

जोडायचं काम पुतण्याने माझ्यावर टाकलं. म्हणाला, "काका, माहितीपुस्तक वाचणारं आपल्या घरात तुम्हीच." मी वाचलंही, पण केबलच्या चित्रापर्यंतच. नव्या डब्यातून निघालेली केबल जुन्या डब्यात लावली, माईकसमोर बोललो आणि कॉम्प्युटरवर हिरवी रेघ उडाली. आवाज आला की पुढची पानं कोण वाचतो? खोक्यात तशीच दुसरी केबल होती. ती जादा दिली असेल असं समजून मी कपाटात ठेवली. नव्या डब्यावर एक छोटा दिवा लुकलुकत होता. लुकलुकतोय म्हणजे चालू आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. मुलांनी वर्गात असं उत्तर दिलं असतं तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं.

आता मान देण्याची गोष्ट. वहिनींचा माईक नवव्या जागी, म्हणजे एकटा नव्या डब्यात. कोणाला तरी तिथे जावंच लागणार होतं, पण मी ते तसं सांगितलं नाही. मी म्हणालो, वैनींना कोरं मशीन, त्यांच्याआधी त्यात कोणी तोंड घातलेलं नाही. वहिनी खूश झाल्या. त्यांनी डब्याला हळद-कुंकू लावलं.

शुक्रवारी बायका आल्या. पुतण्याने माईक मांडले, आवाज तपासले आणि तेवढ्यात गोदामातून फोन आला म्हणून तो निघाला. आत वहिनी, सहा बायका, ढोलकीवाला. त्या सहांत माझी बायको होती आणि नारपोलीची एक धवलारीण होती, वहिनींच्याच हाताखाली तयार झालेली. काचेच्या अलीकडे कानावर हेडफोन चढवून मी.

वहिनींनी मांडवाचा धवळा उचलला आणि मला टक् ऐकू आलं. थोड्या वेळाने पुन्हा टक्. काचेवर नखाने टिचकी मारावी तसं. ना ठेक्यात, ना ठेक्याबाहेर. मी पंखा बंद केला. ढोलकीवाल्याला अंगठी काढायला लावली. मग एकेक माईक वेगळा करून ऐकला. सहा बायकांचे माईक स्वच्छ, ढोलकीचे स्वच्छ. टक् फक्त नवव्यावर.

इथे माझ्यातला विज्ञानशिक्षक जागा झाला. आवाज फक्त वहिनींच्या माईकवर, तेव्हा कारण वहिनींपाशीच असणार. वहिनींचा हात चालतो आणि हातात चुडा आहे. मी आत गेलो आणि निकाल सांगितला.

माझी बायको म्हणाली, "बांगड्या आमच्याबी हातात हायत."

मी म्हणालो, तुमचे हात मांडीवर असतात. हे उत्तर तेव्हा मला फार बिनतोड वाटलं होतं.

मी वहिनींच्या मनगटांना माझा रुमाल आणि एक टॉवेल गुंडाळला. टक् थांबलं नाही. मग त्यांना उजव्या हाताने डावं मनगट धरून गायला सांगितलं. त्यांनी धरलं. टक् आलंच. मी काचेतून खूण केली, अजून घट्ट. त्यांनी अजून घट्ट धरलं. डोळे मिटून, हात आवळून एक बाई देवांना मांडवात बोलावते आहे आणि मी बोटं मिटवून दाखवतोय, घट्ट, घट्ट. शेवटी मी माईकवरून म्हणालो, वैनी, थोडा वेळ काढूनच ठेवा ना.

आत ढोलकी थांबली. लग्नाचं गाणं चाललेलं आणि सवाष्णीला चुडा उतरवायला सांगणारा दीर त्या बायकांनी पहिल्यांदाच बघितला असेल. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी हेडफोन नीट करायच्या निमित्ताने खाली बघितलं. वहिनी चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मंग मी ऱ्हाते बाजूला. नारपोलीच्या बाईला म्हणाल्या, तू गा. आणि उठून मागे भिंतीला टेकून बसल्या.

नारपोलीची बाई तिच्याच माईकवर, म्हणजे जुन्या डब्यातून गायली. एकही टक् नाही. आता तर सिद्धच झालं. संध्याकाळी घरी दादांना, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, मी सगळं रंगवून सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी पारावर, तिसऱ्या दिवशी नारपोलीला, असा विनोद पोचला. रेकॉर्डिंगही पोचलं. पुतण्याने ते मोबाइलवर पाठवलं आणि लोकांना सोय झाली. हळदीला स्पीकर लावला की धवलारणीला दोन दिवस जेवायखायला घालायला नको. नारपोलीच्या बाईला मांडवाचा मधला भाग, गेलेल्या माणसांना बोलावण्याचा, येत नव्हता. तिने तो गाळला होता. स्पीकर लावणाऱ्यांपैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. आमच्याकडच्या कितीतरी लग्नांत मेलेली माणसं बिनआवतणाची राहिली असतील.

रेकॉर्डिंगनंतरच्या आठवड्यात मी स्टुडिओत एकटा होतो. सहज म्हणून रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग चालू केलं, लूमचा आवाज भिंतीतून किती येतो ते बघायला. नवव्या माईकवर टक्. जरा वेळाने पुन्हा टक्. खोलीत माणूस नव्हता आणि बांगड्या वाजत होत्या.

मी खुर्चीत बसून राहिलो. मग माहितीपुस्तक उघडलं आणि न वाचलेली पानं वाचली.

साध्या भाषेत सांगतो, कारण यात वहिनींची अब्रू आहे. मशीन आवाज जसाच्या तसा घेत नाही. त्याचे बारीक काप करतं, एका सेकंदात हजारो. काप कधी घ्यायचा हे आतलं घड्याळ ठरवतं. मशीन एक असेल तर घड्याळ एक. दोन मशीन जोडली तर एकाने आपलं घड्याळ चालवायचं आणि दुसऱ्याने त्याचं ऐकायचं. कोण सांगणार आणि कोण ऐकणार हे माणसाने ठरवून द्यावं लागतं. मी ते ठरवलंच नव्हतं. कामतघरच्या गल्लीत उभं राहून शेजारशेजारचे दोन लूम ऐका. मालक सांगतो दोन्हीचा वेग एकच आहे. पहिल्यांदा दोन्ही एकत्र ठोकतात, मग एक हळूच पुढे सरकतो आणि थोड्या वेळाने ठोके एकमेकांत अडकतात. माझ्या दोन डब्यांचं तेच झालं होतं. दोघांनी आपापल्या घड्याळाने काप केले. नव्याकडून आलेला काप जुन्याच्या मोजणीत कधी जास्त होई, कधी कमी पडे आणि तिथे टक्. नव्या डब्यातला आवाजच तेवढा जुन्याकडे केबलमधून येत होता, म्हणून नववा माईक. लुकलुकणारा दिवा सांगत होता, मला अजून कोणाशी जुळवलेलं नाही. आणि कपाटातली केबल जादा नव्हती. जुन्याचं घड्याळ नव्यापर्यंत तिच्यातूनच जायचं होतं.

मी दुसरी केबल लावली. नव्या डब्याच्या मागचं बटण 'आतलं' वरून 'बाहेरचं' वर फिरवलं. दिवा स्थिर झाला. रिकाम्या खोलीत शांतता पसरली. या कामाला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ वहिनींचं मनगट मी आवळून धरायला लावलं होतं.

आणि मी कोणाला सांगितलं नाही.

पुतण्याला म्हणालो, थोडी सेटिंग केली आहे, आता नऊ नंबर छान चालतो. तो म्हणाला, काका, तुम्ही आहात म्हणून. मी त्यावर हसलोसुद्धा. का सांगितलं नाही, याची कारणं मी इतकी वर्षं गोळा करतोय. विनोद गावभर गेला होता. वहिनी स्वतःही हसत होत्या. आज सांगू, गणपतीत सांगू, पाहुणे गेल्यावर सांगू. सगळी कारणं खरी आहेत आणि एकही उपयोगाचं नाही. खरं एवढंच की हयातभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवलेल्या माणसाला स्वतःची दाखवायला पेन सापडत नव्हतं.

वहिनी हसत होत्या हे खरं. पण पुढच्या एका हळदीला मी त्यांना गाताना बघितलं. माईक नव्हता, मशीन नव्हतं. त्यांनी उजव्या हाताने डावं मनगट धरलं आणि मगच गाणं उचललं. आवाज तोच, शब्द तेच, पण गाणं जागचं हललं नाही. त्यानंतरच्या लग्नातही तसंच. मग बोलावणं आलं तर त्या म्हणू लागल्या, घसा बरा नाय, नारपोलीचं लावा ना स्पीकरवर.

मी ते ऐकून घेत राहिलो, ते यंदापर्यंत. यंदा पुतण्याच्या मुलीचं लग्न ठरलं. म्हणजे वहिनींची नात. घरात बैठक बसली, कोणाला काय काम ते ठरलं. धवळ्यांचा विषय निघाला आणि वहिनी सरळ म्हणाल्या की स्पीकर लावा. स्वतःच्या नातीच्या मांडवात, आपण शिकवलेल्या बाईचं अर्धं गाणं, ते पण डब्यातून. पुतण्या म्हणाला, आई, निदान एकदा स्टुडिओत येऊन गा, मधला भाग तरी राहील. तुझ्यानंतर तो कोणाला येतो? वहिनी म्हणाल्या, मशीनला मी चालत नाय, काकांना विचार. सगळे हसले. सगळ्यात आधी दादा.

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. मला वाटलं ती संतापेल. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "म्हंजे माझे हात मांडीवर होते म्हनून मी वाचली." मग जेवायला न वाढता चप्पल घातली आणि म्हणाली, चला.

वहिनी पडवीत सूप घेऊन सुकट निवडत बसल्या होत्या. बायको त्यांच्या बाजूला बसली आणि तीही निवडायला लागली. मला कोणी बस म्हटलं नाही.

मी म्हणालो, "वैनी, त्या दिवशीचा आवाज तुमच्या बांगड्यांचा नव्हता."

"मंग कोनाचा?"

मी सांगायला सुरुवात केली. दोन डबे, दोन घड्याळं, काप, केबल. शेजारच्या दोन लूमचा दाखलाही दिला. वहिनी सुकटातला काडीकचरा काढत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, म्हंजे घरात मोठा कोन त्येच ठरलं नव्हतं. मी म्हणालो, हो, तसंच. बायको सुकटाकडे बघून म्हणाली की आमच्याकडे ते ठरलेलं आहे.

"कवा कळलं तुमाला?" वहिनींनी विचारलं.

हा प्रश्न येऊ नये असं मला वाटत होतं. मी म्हणालो, "त्याच्या पुढच्याच आठवड्यात."

त्यांनी सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले आणि उजवा हात पुढे धरून त्याकडे बघत राहिल्या, दुसऱ्या कोणाचा हात असावा तसा.

"मला वाटं, माझ्या हातानंच गानं बिघडतं," त्या म्हणाल्या. "आयेन शिकवला तवापास्नं हात तसाच चाले. मला वाटला, मंग आयेचाबी चुकला आसल."

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटत होतं मी एका बाईवर विनोद केला. त्यांनी मान खाली घालून आपल्या आईलाही त्यात ओढून घेतलं होतं. मी माफी मागितली. शब्द काय होते ते आठवत नाही, पण मास्तरला शोभतील असे नक्कीच नव्हते.

वहिनींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. म्हणाल्या, "भावजी, तुमी शाळेत पोरांना नापास करीत होतात. त्यातली किती जन खरी नापास होती?"

बायको हसायला लागली. मी दोन्ही हात जोडले. वहिनींनी शिक्षा सांगितली. शुक्रवारी त्या स्टुडिओत येतील. त्याच सहा बायका येतील. ज्या माईकवर त्यांना घट्ट धरायला लावलं त्याच माईकवर, सगळ्यांसमोर, मी बोलायचं. त्यानंतर गायचं की नाही ते त्या ठरवतील.

शुक्रवारी बायका आल्या त्या कोपरापर्यंत बांगड्या भरूनच. ठरवून केलेलं होतं. दारातच एकीने विचारलं, मास्तर, चपला काढू का चुडा? दुसरी म्हणाली की तिच्या पैंजणांची चाचणी आधी घ्या. नारपोलीची बाई तेवढी गंभीर होती. ती वहिनींच्या पाया पडली आणि म्हणाली की मधला भाग तिला कधीच येत नव्हता, विचारायची लाज वाटली. म्हणजे त्या खोलीत लाज बाळगून गप्प बसलेला मी एकटाच नव्हतो. पण तिने निदान कोणाचा हात धरायला लावला नव्हता.

मी नवव्या माईकसमोर उभा राहिलो. पुतण्या काचेमागे. मी त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं. दोन्ही डब्यांचे दिवे त्याने स्वतः तपासले. मी घसा साफ करून बोललो. माझी चूक होती, मशीनचं घड्याळ जुळवलं नव्हतं, वैनींच्या बांगड्यांचा काही संबंध नव्हता.

पुतण्या स्पीकरवरून म्हणाला, "काका, लेव्हल येत नाही. जरा मोठ्याने."

मी पुन्हा बोललो. तो म्हणाला, आता थोडं माईकच्या जवळ. तिसऱ्यांदा मी वर्गात ओरडायचो तसा ओरडून सांगितलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. पुतण्याचा चेहरा मात्र अगदी कामात असल्यासारखा होता. मला अजून कळलेलं नाही की पहिल्या वेळी लेव्हल खरंच कमी होती, की तो आईचा मुलगा होता.

मग वहिनी पुढे बसल्या. डोळे मिटले, मांडवाचा धवळा उचलला आणि उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर गेला.

मी काचेतून बघत होतो. माझ्या माफीने काही झालं नव्हतं. डबा जुळवायला एक केबल आणि एक बटण पुरलं होतं. इथे मी कशाला हात लावणार? गाणं पुढे चाललं होतं, स्वच्छ, एकही टक् न येता, आणि जागच्या जागी. पुतण्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, गाऊ दे म्हणून. दुसरा धवळाही तसाच गेला.

तिसऱ्याच्या सुरुवातीला वहिनी मध्येच थांबल्या. डोळे उघडून आपल्या हाताकडे बघितलं आणि वैतागून म्हणाल्या, असं रिकाम्या हातानं बसून न्हाय येत. मांडवात कोन असं बसतं? तांदूळ आना.

मीच गेलो. कोपऱ्यावरच्या दुकानातून तांदूळ आणले, चहावाल्याकडून एक मोठी थाळी मागून आणली. वहिनींनी थाळी पुढ्यात घेतली, हळद कालवली आणि लग्नात करतात तसे मुठीने तांदूळ उचलून सोडायला लागल्या. हाताला काम मिळालं आणि मनगट सुटलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, मांडवापासून, सुरू केलं. मधला भाग आला तेव्हा हात थाळीतून वर निघाला आणि दारातून कोणाला आत बोलवावं तसा गेला. नारपोलीची बाई झील धरायची विसरून ऐकत राहिली. माझी आजी, वहिनींची आई, आमचे आईबाप, ज्या क्रमाने त्या बोलावत होत्या त्या क्रमाने मला ती माणसं दारात चपला काढताना दिसत होती.

हेडफोनमध्ये तांदळाचा आवाज येत होता. आणि त्याच्या वर, हात वर जाई तेव्हा, आणखी एक आवाज. पुतण्याने कान टवकारले. त्याला तो आवाज कशाचा ते कळलं नाही. त्याने विचारलं, काका, हे काय येतंय, साफ करायचं का? मी म्हणालो, राहू दे.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. वहिनी मांडवात स्वतः बसणार आहेत आणि स्पीकर नाचायच्या गाण्यांना लागेल. विनोद अजून पुरता मेलेला नाही. परवाच एका पाहुण्याने तो मला सांगितला आणि मी त्याला उभ्याउभ्या दोन घड्याळांची सगळी हकिगत ऐकवली. त्याची बस चुकली.

त्या शुक्रवारी बायका चहा प्यायला बाहेर गेल्या तेव्हा वहिनी काचेच्या अलीकडे येऊन माझ्या खुर्चीत बसल्या. पुतण्याने हेडफोन त्यांच्या कानावर ठेवला आणि मधला भाग लावला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. हात वर गेला होता त्या जागी गाणं आल्यावर त्यांनी एक बोट वर केलं आणि हेडफोनची एक बाजू काढून माझ्या कानाला लावली. काचेचा काचेला लागलेला मऊ, ओला आवाज, एकामागून एक, नळावर पितळेची कळशी भरत यावी तसा. त्या दिवशीच्या टक्‌सारखा तो जरासुद्धा नव्हता.

"ह्या माझ्या बांगड्या," वहिनी म्हणाल्या. "आयकून ठेवा, भावजी. अशा वाजतात."